तुम्ही विचारलंत म्हणून: 'नटसम्राट' सिनेमा आणि मी

सगळं थिएटर रडत होतं, मग तुम्हालाच काय खुपलं? 'नटसम्राट'चा विषय निघाला की हे विचारलं जातंच. एकदा नीट सांगते.

नाना पाटेकरांबद्दल तक्रार नाही. तक्रार रामभाऊंबद्दल आहे. शिरवाडकरांच्या १९७०च्या नाटकात हे पात्रच नाही. २०१६च्या सिनेमात विक्रम गोखल्यांचे रामभाऊ आले आणि आप्पांना, म्हणजे नानांनी केलेल्या म्हाताऱ्या नटाला, तोडीचा मित्र मिळाला. दवाखान्यातला तो कर्ण-कृष्णाचा प्रवेश! मीही रडले. सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग तोच, आणि माझं भांडणही त्याच्याशीच. नाटकातल्या आप्पांना बरोबरीचं कुणी नाही, म्हणून तर ते 'कुणी घर देता का घर' असं समोर अंधारात बसलेल्या आपल्याला विचारतात. सिनेमात तो प्रश्न पडद्यातच राहतो. आपण सुटतो.

नाटक मला बाबांनी दाखवलं होतं. मी सातवीत होते, तिकीट शेवटच्या रांगेचं. आप्पांचा चेहरा दिसलाच नाही. आवाज मात्र अगदी कानाशी. परतताना बाबा एक शब्द बोलले नाहीत. आम्ही दोघांनी एकच नाटक पाहिलं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले.

सिनेमाला मी त्यांना नेलं. तोवर यंत्र लावूनही त्यांना जेमतेम ऐकू यायचं. पूर्ण वेळ ते पुढे वाकून नानांच्या ओठांकडे बघत होते. बाहेर पडल्यावर जिन्यातच मी सुरू झाले: रामभाऊ कशाला घुसवले, नाटकाची सर नाही, वगैरे. बाबा कठडा धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक कान तेव्हाच गेला होता गं माझा. अर्धं नाटक कळलंच नव्हतं. आज कळलं, तो काय म्हणत होता ते."

तिथे गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही नाटक पाहिलंच नाहीत."

त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि जिना उतरायला लागले.

आपण नाटकाची बाजू घेतली, असं त्या रात्री मी स्वतःला समजावलं. खोटं होतं ते. पण बाबांना दुखावलं म्हणून सिनेमा चांगला ठरतो का? त्यांना चेहरा जवळून दिसायला हवा होता, हे खरंच. मला तो दिसला नाही म्हणून माझे आप्पा कुणाचेही वडील असू शकत होते, हेही मला खरंच वाटतं.

बाबा गेल्यावर एकदा सिनेमा पुन्हा लावला, आवाज बंद करून. कर्ण-कृष्णाच्या प्रवेशापर्यंत तग धरला. मग आवाज वाढवला.