लाल बटण आणि बसलेला घसा

माझ्या भावाने हौसेनं घेतलेली सेकंडहँड बाइक दुसऱ्याच दिवशी मंडईच्या दारात बंद पडली. वीसेक किका मारून झाल्या. टाकी हलवून झाली, प्लग काढून फुंकर मारून झाली. मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "चोक ओढा" म्हणून सल्ला देऊन पुढे जात होता. शेवटी समोरचे पेरूवाले मामा गाडा सोडून आले, हँडलच्या उजव्या बाजूचं लाल बटण अंगठ्याने सरकवलं आणि म्हणाले, "आता मारा." पहिल्याच किकेला गाडी सुरू. कुठल्यातरी कार्ट्याने जाता जाता गंमत केली होती.

घरी आल्यावर भावाने अपमान गिळून मला ज्ञान दिलं. "ताई, त्याला किल स्विच म्हणतात. या नावाचा बँडपण आहे. किलस्विच एंगेज." आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, "कुणाचा फोन एंगेज लागतोय?"

हे 2005 सालचं. भाऊ हॉस्टेलमधून एमपीथ्रीची एक सीडी घेऊन आला होता, वर मार्करने काहीतरी भयंकर अक्षरात लिहिलेली. त्यातलं एक गाणं त्याने लावलं आणि पहिल्या दहा सेकंदांत मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता. इतका, की शेजारच्या काकूंना काय सांगायचं याची मी तयारी करू लागले. आणि मग अचानक, भांडण चालू असताना कुणीतरी देवघरातून गुणगुणत बाहेर यावं तसं, तोच माणूस गाऊ लागला. स्वच्छ, भरल्या गळ्याने, चांगलं सुरात. कडव्यात आरडाओरडा, ध्रुवपदात गाणं. मी दार उघडलं.

या प्रकाराला मेटलकोर म्हणतात हे नंतर कळलं. हार्डकोर पंकचा राग आणि मेटलची गिटार यांचा हा संसार. मध्येच लय एकदम निम्म्यावर येते, गिटारी हातोडीसारख्या पडू लागतात आणि समोरची पोरं एकमेकांवर आदळतात, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. मला मात्र पोवाडा आठवला. शाहीर वरच्या पट्टीत फेकतो, झीलकरी "जी जी रं जी" म्हणत त्याला झेलतात, मध्येच डफ थांबतो आणि गद्यात दोन वाक्यं येतात. भावाला हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. पण माझं मत बदललेलं नाही.

हा बँड मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टफील्डचा. एकोणिसाव्या शतकात या गावात घोडागाडीचे चाबूक बनायचे, इतके की त्याला आजही 'व्हिप सिटी' म्हणतात. मोटारी आल्या, घोडे गेले, चाबूक गेले, नाव राहिलं. ओव्हरकास्ट आणि आफ्टरशॉक हे दोन बँड मोडले आणि त्यांच्या सामानातून 1999 मध्ये अशा गावात हा उभा राहिला. ओव्हरकास्टचा बेसवादक माइक डँटोनियो, आफ्टरशॉकचे अ‍ॅडम डटकेविच आणि जोएल स्ट्रोटझेल, आणि गायला जेसी लीच. ओव्हरकास्टचा गायक ब्रायन फेअर शेजारच्या शॅडोज फॉल या बँडमध्ये गेला. शॅडोज फॉलचा आधीचा गायक फिल लबॉन्ट याने ऑल दॅट रिमेन्स हा बँड काढला. म्हणजे त्या भागात कुणीही कुणाचा परका नाही, सगळी भावकीच. नाव आलं ते 'एक्स फाइल्स' मालिकेच्या 1998 मधल्या 'किल स्विच' या भागावरून. पेरूवाल्या मामांचा त्यात हात नव्हता.

पहिला अल्बम 2000 मध्ये आला. दुसरा, 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग', मे 2002 मध्ये. लोक ज्याला या प्रकाराची बाराखडी मानतात तो हा. त्यात ड्रम अ‍ॅडमनेच वाजवलेत. बर्कली संगीत महाविद्यालयात ध्वनिमुद्रण शिकलेला हा माणूस बँडचा निर्माताही आहे आणि स्टेजवर आखूड चड्डी आणि पाठीवर केप घालून उड्या मारणारा विदूषकही. सगळ्यात गंभीर गाण्याच्या आधी सगळ्यात पाचकळ विनोद करायचा, हा त्याचा नेम. असं माणूस प्रत्येक घरात एक असतं आणि तेच घराचा हिशेब ठेवतं.

अल्बम आला, नाव झालं, दौरे सुरू झाले, आणि त्याच वर्षी जेसी लीच निघून गेला. घसा साथ देईना, नवं लग्न झालेलं, मन खचलेलं. बँडमधल्यांना त्याने एक ईमेल पाठवला, की मी थांबतो. समोरासमोर नाही, फोनवर नाही.

मी त्या वेळी त्याला पळपुटा म्हटलं असतं. पण मधल्या काळात मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवू लागले. एका वर्गात शंभरावर मुलं, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा, वर पंखे खडखडणारे आणि खिडकीबाहेर रस्ता. दिवसाचे पाच तास, वर खासगी क्लास. बारा वर्षांनी एका सोमवारी "समजा एक्स ही..." एवढं म्हणाले आणि पुढचं आलंच नाही. फक्त हवा आली. पहिल्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली.

ज्येष्ठमध झालं, लवंग झाली, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, आईच्या मैत्रिणीने सुचवलेली खडीसाखर-मिरी झाली. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी नाकातून दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर मला माझाच आवाज दाखवला. उलट्या इंग्रजी व्हीसारख्या दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर, खसखशीएवढा एकेक दाणा. "शिक्षिका का?" मी न सांगताच त्यांनी ओळखलं. "तीन आठवडे मौन. आणि कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो."

तीन आठवडे मी वही घेऊन फिरले. भाजीवाल्याशी वहीतून घासाघीस करून बघा, जमत नाही. भाव कमी करायला आवाज लागतो. आई बोलायची आणि मी लिहीपर्यंत तिचा पुढचा विषय सुरू व्हायचा. ती वही अजून आहे. त्यात एका पानावर फक्त "मी कधी म्हणाले तसं??" एवढंच आहे, खाली दोनदा रेघ मारलेली. काय चाललं होतं ते आता दोघींनाही आठवत नाही.

त्याच दिवसांत भावाने पुण्याहून मेसेज पाठवला. "हा बघ, तुझ्या जातीचा पेशंट." जेसी लीचची बातमी होती. 2018 मध्ये त्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली होती. मग काही काळ बोलायलाही बंदी, आणि नंतर आवाज नव्याने लावायला शिकणं. मग मी मौनात बसून या बँडचं सगळं ऐकून काढलं. दुसरं काम काय होतं?

ऐकता ऐकता कळलं की ते ओरडणं म्हणजे ओरडणं नसतं. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक घडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. तयारीचा गायक पोटातून श्वास रेटतो आणि ती घडी थरथरवून तो गुरगुराट काढतो, म्हणजे खालच्या नाजूक पट्ट्यांना मार कमी बसतो. ज्याला हे येत नाही, किंवा येण्याआधीच दौरे सुरू होतात, तो खऱ्या गळ्याने ओरडतो आणि माझ्यासारखा डॉक्टरांच्या खुर्चीत येऊन बसतो. बी.एड.मध्ये आम्हाला फळ्यावर सरळ कसं लिहायचं ते शिकवलं, श्वास कुठून घ्यायचा ते नाही.

जेसी गेल्यावर आला हॉवर्ड जोन्स. (याच नावाचा एक गोड ब्रिटिश पॉप गायक ऐंशीच्या दशकात होता. भलता शोध घेऊन बसू नका.) उंचापुरा, आणि आवाज असा की तळघरातून येतो आणि गच्चीवर संपतो. 2004 चा 'द एन्ड ऑफ हार्टेक' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 21 व्या क्रमांकावर उतरला आणि त्यातलं शीर्षकगीत ग्रॅमीच्या नामांकनात गेलं. त्या वर्षीचं बक्षीस मिळालं मोटरहेड या बँडला, आणि गाणं कुठलं, तर 'व्हिपलॅश'. चाबकाच्या गावची माणसं चाबकाच्या फटक्याला हरली. पुढे 2014 आणि 2020 च्या ग्रॅमीतही नामांकनं मिळाली. एकदा ब्लॅक सॅबथ हा बँड आडवा आला, एकदा टूल. आमच्या कॉलेजच्या आंतरमहाविद्यालयीन करंडकाची आठवण झाली. आम्हीही कायम 'नामांकित'च.

हॉवर्डने तीन अल्बम गायले. तिसऱ्याचं नाव बँडचंच, 'किलस्विच एंगेज', जे पहिल्याचंही होतं. एकाच घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं, पण नऊच वर्षांत. मग 2012 च्या जानेवारीत तोही बाहेर पडला. त्याचा मधुमेह हाताबाहेर गेला होता. आमच्या घरात शुगर हा शब्द दिवसातून चारदा येतो, त्यामुळे हे वाचून मी एकदम गप्प झाले. गप्प तर आधीच होते, तरीही. दौऱ्यावरच्या बसमध्ये वेळेवर जेवण कुठलं आणि झोप कुठली?

आता गंमत ऐका. जागा रिकामी झाली आणि महिन्याभरात परत आला कोण, तर ईमेल पाठवून गेलेला जेसी लीच. दहा वर्षांनी. माझ्या कॉलेजात कुणी असा राजीनामा देऊन गेलं असतं, तर स्टाफरूममधलं त्याचं लॉकर दुसऱ्या दिवशी फोडून त्यात चहाचे कप ठेवले असते.

पण इकडे कप ठेवलेले नव्हते, कारण मधल्या काळात अ‍ॅडमची पाठ गेली होती. 2007 मध्ये तो पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात पडून होता आणि पडल्या पडल्या गाणी रचत होता. ती गाणी घेऊन तो गेला जेसीकडेच. दोघांनी मिळून 'टाइम्स ऑफ ग्रेस' नावाचा वेगळा उद्योग केला आणि 2011 मध्ये त्याचा अल्बम काढला. रुग्णालयातून निघालेल्या गाण्यांनी भांडण मिटवलं म्हणायचं, किंवा भांडण कधी नव्हतंच, नुसता संकोच होता. आपल्याकडे वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ असेच एखाद्याच्या ऑपरेशनला डबा घेऊन येतात आणि पुढे कुणी तो विषय काढत नाही.

तर जेसी परत आला आणि त्याच्यासमोर काम काय, तर हॉवर्डची गाणी पाठ करायची. दहा वर्षांत लोकांना तीच जास्त तोंडपाठ झाली होती. 'माय कर्स' न गाता स्टेजवरून उतरायची सोय नव्हती. याआधी 2002 मध्ये हॉवर्डनेही हेच केलं होतं, जेसीची गाणी रात्रीमागून रात्र गायली होती. मला यात मोठेपणा वाटतो तो एवढ्यासाठी, की मी तीन आठवड्यांनी वर्गात परतले तेव्हा माझ्या जागी शिकवणाऱ्या सरांनी अवकलन त्यांच्या पद्धतीने शिकवून ठेवलं होतं आणि मुलं म्हणाली, "मॅडम, सरांची पद्धत सोपी आहे." मी हसून "छान" म्हटलं. मनातून किती छान वाटलं ते विचारू नका. त्यांच्याच पद्धतीने पुढची उदाहरणं सोडवायला मला दोन आठवडे लागले.

जेसीचा आता सहावा अल्बम झाला, 2025 चा 'धिस कॉन्सिक्वेन्स'. हॉवर्ड पुढे 'लाइट द टॉर्च' या बँडमध्ये गाऊ लागला आणि तो बँड 2022 मध्ये किलस्विचच्याच दौऱ्यावर, त्यांच्याच आधी वाजवत फिरला. पण मला सगळ्यात आवडतं ते 2019 चं 'द सिग्नल फायर'. त्यात दोघंही आहेत. एक गेलेला आणि आलेला, एक आलेला आणि गेलेला, एकाच गाण्यात एकमेकांवर ओरडतायत, म्हणजे एकमेकांसाठी ओरडतायत.

दिवाळीत भाऊ आला होता तेव्हा त्याने ते स्वयंपाकघरात मोबाइलवर लावलं. आता मी दार लावत नाही. आई चकल्या तळत होती. व्हिडिओत ते दोघं गळाभेट घेतात तिथे तिने झारा बाजूला ठेवून चष्मा वर केला.

"यातला आजारी कोण होता?"

"दोघंही," मी म्हटलं.

"मग एवढं ओरडतायत कशाला?" ती म्हणाली, आणि घाणा उलटवला.