लेकीचं रिपोर्ट कार्ड

आज पाच महिन्यांनी लेकीचं रिपोर्ट कार्ड हातात आलं. घटस्फोटानंतर ताबा तिच्या आईकडे, म्हणून शाळेच्या ऑफिसात मला आधी सरळ 'नाही' म्हणाले होते. इथे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या रेकॉर्डबद्दलचा १९७४ चा 'फर्पा' (FERPA) कायदा आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा निधी घेणाऱ्या शाळेला ताबा नसलेल्या पालकालाही रेकॉर्ड दाखवावंच लागतं, तेही ४५ दिवसांत. कोर्टाच्या आदेशाने, राज्याच्या कायद्याने किंवा घटस्फोट-ताब्याच्या कायदेशीर कागदपत्राने तो हक्क स्पष्टपणे काढून घेतला असेल तरच नाही. असं परत पाठवलं तर अर्ज लेखीच द्या, तोंडी बोलण्यात माझे महिने गेले.

गणितात छान मार्क आहेत. पण खाली टीचरने लिहिलंय, 'हल्ली वर्गात फार गप्प असते.' पार्किंगमध्ये गाडीतच बसून ती ओळ तीन-चारदा वाचली. रविवारी माझ्याकडे येते तेव्हा अखंड बडबडत असते हो!