तुम्ही विचारलंत म्हणून: बरोकच्या साथीला कोणतं तंतुवाद्य?

क्लासिकल गिटार वाजवणारे मला हमखास विचारतात, ‘बरोक संगीताला साथ करायची आहे. थिऑर्बो घेऊ, आर्चल्यूट घेऊ, की गिटारवर भागेल?’ बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपीय संगीत. थिऑर्बो आणि आर्चल्यूट ही ल्यूट या जुन्या छेडवाद्याच्या घराण्यातली, लांब मानेची आणि खर्जाच्या जादा तारांची वाद्यं.

मी आधी विचारते, तुमच्यात खर्ज कोण धरतंय? या संगीतात साथीदारापुढे बहुतेक वेळा फक्त खालची ओळ असते आणि तिच्यावर आकडे. त्यावरून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्यानं वाजवता वाजवताच रचायचे. चेलो खालच्या सी स्वरापर्यंत उतरतो, गिटार ईपाशी थांबते. तालमीला ती चालेल, तळ धरायला अपुरी पडते.

गायक असेल तर मी थिऑर्बोच सांगते. १६व्या शतकाच्या अखेरीस इटलीत गाण्याच्या साथीसाठीच तो पुढे आला. तारा इतक्या लांब की वरच्या दोन नेहमीच्या उंचीला चढवल्या तर तुटतील, म्हणून त्या एक सप्तक खाली लावतात. त्यामुळे कॉर्ड खालच्या पट्टीत राहतो आणि गळ्याला वर मोकळी जागा मिळते. चौदा तारांच्या थिऑर्बोवर खर्जाच्या आठ तारा पडद्यांबाहेर असतात, नुसत्या मोकळ्या वाजतात. स्वरमंडळ रागाप्रमाणे लावतो तशा त्या रचनेप्रमाणे आधीच लावायच्या. तार एफला लावलेली आणि ओळीत मध्येच एफ शार्प आला, तर तो पडद्यांवर, सप्तकभर वर घ्यावा लागतो. शिवाय लांब तार छेडली की घुमतच राहते. पुढचा कॉर्ड येण्याआधी अंगठा अलगद टेकवून ती थांबवायची. साथीची निम्मी कला मला त्या अंगठ्यात दिसते.

दोन व्हायोलिन आणि इटालियन संगीतकार कोरेली वाजवायचा असेल तर मात्र आर्चल्यूट. त्याच्या ओपस ३च्या, म्हणजे तिसऱ्या प्रकाशित संचातल्या, त्रिसोनाटांवर (दोन व्हायोलिन आणि खर्ज अशा रचना; रोम, १६८९) ‘व्हायोलोन किंवा आर्चल्यूट’ असं छापलंच आहे. व्हायोलोन म्हणजे गजानं वाजवायचं खर्जाचं वाद्य. तिथे खर्जाची ओळ स्वस्थ बसत नाही, व्हायोलिनांची वाक्यं उचलून धावते. आर्चल्यूटच्या वरच्या तारा आपल्या खऱ्या उंचीला असतात, त्यामुळे ते धावणं स्वच्छ ऐकू येतं.

पाच जोडतारांची बरोक गिटार खर्ज देत नाही. पण शाकोनसारख्या नृत्यरचनेत चेलो तळ धरून असताना तिच्या तारांवरून बोटं झपकन फिरली की ताल अंगात येतो. ती दुसरं वाद्य म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको.