दिवसाला २२५ रुपये

२०२० च्या जूनअखेरीस सुपरवायझरचा फोन आला, "सध्या येऊ नको, लागलं की बोलावतो." पुण्याजवळ भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्याला याचा अर्थ विचारावा लागत नाही. सात वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभा होतो, पूर्ण हजेरीचा पगार पंधरा हजार. लेखी मात्र काही दिलं नाही.

ऑगस्टमध्ये ग्रुपवर ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची बातमी फिरली: नोकरी गेलेल्याला भत्ता मिळतो. मला वाटलं, नेहमीसारखं फॉरवर्ड असेल. बायको म्हणाली, "पगारातून दर महिन्याला कापतात ना? मग जाऊन तर या." योजना २०१८ पासूनची, पण तेव्हा पगाराच्या २५ टक्केच मिळायचे. करोनात ते ५० टक्के केले, ९० ऐवजी ३० दिवसांनी अर्ज करता येऊ लागला आणि तोही कंपनीला मध्ये न घेता. कंपनीच्या सहीवर अडलं असतं, तर मी आजही गेटवरच असतो.

ऑनलाइन अर्ज भरला, प्रिंट काढली, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, वर स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र. बेकार माणसाने बेकार असल्याचं नोटरीला पैसे देऊन सांगायचं! (नोव्हेंबरात ती अट काढली म्हणे. आमचे पैसे गेले ते गेले.)

शाखा कार्यालयात दोन तासांनी नंबर लागला. मॅडमनी माझा आयपी नंबर (विम्याचा नंबर) टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "दादा, तुम्ही अजून कामावर आहात. रजेवर दिसताय." कंपनीने मासिक भरण्यात माझ्या नावापुढे शून्य दिवस टाकून कारण 'रजा' दिलं होतं. नोकरी सोडल्याची तारीखच नाही. ती दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले. रोज सकाळी अकाउंट्सवाल्याला फोन करायचा आणि भांडण होणार नाही एवढ्याच आवाजात बोलायचं.

खरी गंमत हिशेबात होती. माझा समज, पंधराचे निम्मे साडेसात. पण ते आधीच्या दोन वर्षांची एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात. आता २०१९ आठवा. गाड्यांचा खप पडला होता, मोठ्या कंपन्या ब्लॉक क्लोजर घेत होत्या, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवत होत्या, आम्हाला आठवड्यातले दोन-दोन दिवस बिनपगारी घरी बसवत होते. ते सगळे खाडे या भागाकारात आले. रोजची सरासरी निघाली ४५०, निम्मे २२५. म्हणजे आधीच्या मंदीत जे बुडलं, त्याचा फटका नंतरच्या मंदीत भत्त्यालाही बसला. महिन्याचे झाले ६,७५० आणि खोलीचं भाडं होतं पाच हजार.

तरी मी नशीबवान. शेजारच्या क्वालिटीवाल्याचा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून तो ईएसआयच्या बाहेर. आमच्या लाइनवरच्या हेल्पर पोरांची ठेकेदाराने कधी नोंदच केली नव्हती. त्यांना कुठल्या खिडकीवर पाठवायचं?

९० दिवसांचे २०,२५० रुपये डिसेंबरात एकरकमी आले. जुलै ते ऑक्टोबर पीएफच्या अॅडव्हान्सवर आणि वाण्याच्या वहीवर काढले होते, त्यामुळे साडेअकरा हजार त्याच संध्याकाळी वाण्याला गेले.

नंतर एकदा त्या मॅडम भेटल्या. म्हटलं, मिळाले पैसे. त्या म्हणाल्या, "तुमचे ९० दिवस संपले हं दादा. आयुष्यात एकदाच असतं हे."

मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो.