‘चेर्नोबिल’चा शेवटचा भाग

मंगळवार, 4 जून 2019

‘चेर्नोबिल’ या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग आज हॉटस्टारवर आला आणि रात्रीची जेवणे आटोपताच आम्ही तो पाहिला. पहिल्याच भागात स्फोट दाखवून टाकल्यावर शेवटासाठी काय राखून ठेवले असेल, ही शंका मला महिनाभर होती. राखून ठेवले होते ते कारण. 26 एप्रिल 1986 च्या रात्री सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथ्या क्रमांकाची अणुभट्टी का फुटली, हे शास्त्रज्ञ लेगासोव भर न्यायालयात लाल आणि निळ्या पाट्या लावत समजावून सांगतो, आणि जवळजवळ सगळा भाग त्या निवेदनाने तोलून धरला आहे.

लाल पाटी म्हणजे भट्टीची शक्ती वाढवणारी गोष्ट, निळी म्हणजे तिला आवरणारी. भट्टीची दिवसा व्हायची सुरक्षा चाचणी कीव्हच्या वीज नियंत्रकाने दहा तास थांबवायला लावल्यामुळे ती तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या गळ्यात पडते. दिवसभर निम्म्या शक्तीवर चाललेल्या भट्टीत झेनॉन हा शक्ती दाबणारा वायू साचतो. चाचणीला 700 मेगावॉट हवे असताना शक्ती 30 पर्यंत घसरते आणि ती कशीबशी 200 वर आणण्यासाठी तिला आवरणाऱ्या नियंत्रक कांड्या भराभर बाहेर काढल्या जातात. अखेरीस भट्टी बंद करण्यासाठी दाबलेले बटणच स्फोटाचे निमित्त ठरते, कारण बोरॉनच्या कांड्यांची टोके ग्राफाइटची आहेत आणि आत शिरताना ती आधी शक्ती वाढवतात. तशी टोके का ठेवली, याचे लेगासोवने दिलेले कारण एवढेच, की ते स्वस्त पडते. (समजावून सांगणे म्हणजे कंटाळवाणे, असे ठरवून टाकलेल्या आपल्या मालिकावाल्यांनी ही वीस-पंचवीस मिनिटे जरूर पाहावीत.)

मला मात्र सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते चाचणीच्या कागदांनी. भट्टी चालवणारा पंचविशीतला तोप्तुनोव ते चाळतो तेव्हा कित्येक ओळी खोडलेल्या दिसतात, आणि त्यांचे काय करायचे असे विचारल्यावर उत्तर मिळते की खोडलेल्या सूचनाच पाळा. कुठल्याही कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला या उत्तरात अशक्य असे काही वाटणार नाही.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या द्यातलोवच्या बाबतीत लेखकाचा हात जरा जड पडला आहे. पॉल रिटरने तो उत्तम वठवला आहे यात वाद नाही, परंतु सदैव गुरकावणारा असा एक वरिष्ठ समोर उभा केला की प्रेक्षकाचा सगळा राग तिकडे वळतो, आणि कांड्यांचा दोष ठाऊक असूनही दडवून ठेवणारी यंत्रणा, जिच्याविषयी ही मालिका आहे, ती अर्धी सुटते.

सत्याविषयीचे लेगासोवचे भाषणही मला नको होते. पाट्यांनी जे सांगितले त्यानंतर ते प्रवचन वाटते. शिवाय जुलै 1987 च्या त्या खटल्याला खरा लेगासोव हजर नव्हता. नाट्यासाठी एवढी मोकळीक घ्यायला माझी हरकत नाही, परंतु खोम्युक हे पात्र अनेक शास्त्रज्ञांना एकत्र करून रचले आहे, हे शेवटी पडद्यावर येणाऱ्या मजकुरात प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांनी त्याच जागी ही दुसरी गोष्टही एका ओळीत लिहायला हवी होती.