अर्पणपत्रिकेतली माणसे

पुस्तक हातात आले की आधी अर्पणपत्रिका वाचायची, ही माझी सवय जुनी आहे आणि ती गाण्यांच्या तबकड्यांच्या बाबतीतही सुटलेली नाही. रॉक संगीताच्या तबकड्यांवर बहुधा आभारांची लांबलचक यादी असते आणि तिच्यात मॅनेजरपासून गिटारच्या तारा पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. म्हणूनच डेट्रॉइटच्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' या दोघांच्याच बँडच्या पहिल्या तीन तबकड्या ओळीने पाहिल्या तेव्हा मी थबकलो. १९९९ची पहिली तबकडी सन हाउस या, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची जुनी गाणी गाणाऱ्या गायकाला अर्पण केलेली आहे. २०००ची दुसरी ब्लाइंड विली मॅकटेल आणि डच रचनाकार गेरिट रीटफेल्ट यांना. आणि २००१ची तिसरी लोरेटा लिन यांना. मिसिसिपीतला एक गवई, जॉर्जियातला एक अंध गिटारवादक, खुर्च्या आणि घरे घडवणारा एक डच आणि केंटकीच्या कोळसा खाणीतल्या मजुराची कंट्री गाणी गाणारी मुलगी, अशी चार दिशांची माणसे पंचविशीतल्या दोन गोऱ्या मुलांनी आपले पूर्वज म्हणून निवडली होती. या दोघांतला गायक आणि गिटारवादक जॅक व्हाइट संगीतात येण्याआधी खुर्च्या-सोफ्यांना गाद्या आणि कापड चढवण्याचे काम करत असे, हे कळले की रीटफेल्टचे कोडे तेवढे सुटते. बाकीच्या तिघांसाठी मात्र गाणीच ऐकावी लागतात.

ऐकली की लक्षात येते, की ही नावे केवळ शोभेसाठी छापलेली नाहीत. दुसऱ्या तबकडीत सन हाउसचे एक गाणे आहे, मॅकटेलचे एक आहे, आणि मॅकटेलचे गाणे संपल्यावर १९४० साली लोकगीतांचे संग्राहक लोमॅक्स यांनी ध्वनिमुद्रित केलेला त्याचा बोलण्याचा आवाजही काही क्षण ऐकू येतो. ज्याचे गाणे आपण म्हटले त्याला शेवटचा शब्द द्यायचा, ही रीत मला फार आवडली.

२००१च्या आसपास वृत्तपत्रांनी 'गॅरेज रॉकचे पुनरुज्जीवन' म्हणून ज्यांचा गाजावाजा केला त्यांत न्यू यॉर्कचे 'द स्ट्रोक्स', स्वीडनमधल्या फागेर्स्टा या गावातले 'द हाइव्ह्ज', डेट्रॉइटचेच 'द डर्टबॉम्ब्ज' असे अनेक बँड होते. (सगळ्यांच्या नावाआधी ते 'द' असायचेच, जणू त्यावाचून नोंदणी होत नसावी.) हे पुनरुज्जीवन कोणाचे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही, कारण ज्यांना ही मंडळी दैवत मानत होती ते साठच्या दशकातले गॅरेजवाले स्वतःच नक्कल करणारे होते. फेब्रुवारी १९६४मध्ये बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर दिसले आणि गावोगावच्या मुलांनी गिटार घेऊन घरातल्या मोटारीच्या शेजारी, गॅरेजमध्ये तालमी सुरू केल्या. बीटल्स तरी कोणाची गाणी गात होते? चक बेरीची, लिटल रिचर्डची. म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत लिव्हरपूलला जाऊन अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांकडे परत आले आणि प्रत्येक मुक्कामात त्याचे काहीतरी सांडले, काहीतरी भलतेच त्याला चिकटले.

जे चिकटले त्याचा सर्वांत उत्तम नमुना बीटल्सच्याही आधी, १९६३ साली पोर्टलंडमध्ये तयार झाला. लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने 'लुई लुई' हे गाणे १९५७ साली प्रसिद्ध केले होते. टॅकोमातल्या एका बँडने त्याची नवी आवृत्ती काढली. ती ऐकून 'द किंग्जमेन' या पोरांनी ते उचलले. त्यांचा गायक जॅक इली याच्या ध्यानात मूळ लय नीट राहिली नव्हती, म्हणून त्याने चुकीचीच लय सगळ्यांना शिकवली. मायक्रोफोन छताजवळ टांगलेला असल्यामुळे आपल्याला मान वर करून ओरडावे लागले, असे त्याने पुढे सांगितले. गिटारचा तुकडा संपल्यावर तो एक क्षण आधीच गाऊ लागला, चूक कळताच गप्प झाला आणि ढोलवाल्याने घाईघाईने ती फट बुजवली. हे सगळे तसेच्या तसे तबकडीवर आहे. शब्द इतके अस्पष्ट, की त्यांत अश्लील काही आहे का याचा एफबीआयने तपास केला आणि शब्द कळतच नाहीत या निष्कर्षाशी तो थांबला. पुढे जगभर जे 'लुई लुई' वाजले ते बहुतांशी या चुकलेल्या लयीतले. रिचर्ड बेरीने मात्र त्या गाण्याचे हक्क १९५९ सालीच ७५० डॉलरना विकून टाकले होते, आणि ऐंशीच्या दशकात त्याला त्यातले काही परत मिळेपर्यंत हे गाणे दुसऱ्यांच्याच घरात पैसा आणत राहिले.

गावोगावची ही गॅरेजमधली पोरे दोन-चार वर्षे वाजवून पांगली. त्यांची गाणी गोळा करून, १९६५ ते १९६८ या काळातल्या २७ गाण्यांचा 'नगेट्स' नावाचा जोडसंग्रह लेनी के याने १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीसाठी तयार केला. के हा तेव्हा संगीतावर लिहिणारा तरुण होता. पुढे तो रॉक गायिका पॅटी स्मिथच्या बँडचा गिटारवादक म्हणून ओळखला गेला. हा संग्रह निघाला नसता तर पुढच्या पिढ्यांना दैवते कुठून मिळाली असती, याची कल्पना करवत नाही.

आता माझी तक्रार. चुका आणि गरिबी यांतून जो आवाज जन्माला आला तो पुढच्यांनी व्रत म्हणून स्वीकारला. व्हाइट स्ट्राइप्सची चौथी तबकडी लंडनच्या टो रॅग या छोट्या स्टुडिओत, जुन्या यंत्रांवर, आठ मार्गांच्या फितीवर मुद्रित झाली आणि ती करताना कुठेही संगणक वापरला नाही, असे वेष्टनावर छापलेले आहे. लाल, पांढरा आणि काळा याखेरीज चौथा रंग अंगावर घ्यायचा नाही, हाही नियम होताच. हाइव्ह्जची मंडळी काळ्या-पांढऱ्या सुटाबुटात येत. गुरूच्या गळ्यातला दोषही शिष्य घराण्याचे वैशिष्ट्य म्हणून सांभाळतात, अशी आपल्याकडची जुनी तक्रार आहे आणि गॅरेज रॉकच्या या घराण्याला ती चपखल लागू पडते. किंग्जमेनना चांगला मायक्रोफोन मिळाला असता तर त्यांनी तो आनंदाने वापरला असता. तरीही मी ही तक्रार फार ताणत नाही, कारण सगळेच दारिद्र्य नाइलाजाचे नव्हते. टॅकोमाच्या 'द सॉनिक्स'नी आपल्या दुसऱ्या तबकडीच्या वेळी स्टुडिओच्या भिंतींवरचे आवाज शोषणारे अस्तर मुद्दाम उपटून काढले होते. आवाज भिंतींवर आदळून फुटला पाहिजे, ही त्यांची मागणीच होती. तेव्हा जुन्या यंत्रांचा हट्ट हा निव्वळ पेहराव नव्हे, त्यालाही एक वंशपरंपरा आहे, एवढे मान्य करावे लागते.

सन हाउसपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. त्याने १९३० साली पॅरामाउंट कंपनीसाठी काही गाणी मुद्रित केली, त्यांचा खप फारसा झाला नाही. चाळीसच्या दशकात तो उत्तरेकडे न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला आणि हळूहळू त्याने गाणे सोडून दिले. १९६४ साली ब्लूजच्या नादाने झपाटलेल्या तीन तरुणांनी त्याला शोधून काढले तेव्हा त्याच्याकडे गिटारही नव्हती. बोटे आपलीच गाणी विसरली होती. अशा वेळी ॲलन विल्सन या एकवीस वर्षांच्या गोऱ्या मुलाने, जो पुढे 'कॅन्ड हीट' या बँडमुळे प्रसिद्ध झाला, जुन्या तबकड्या ऐकून शिकलेली सन हाउसची गाणी सन हाउसला वाजवून दाखवली. तू तेव्हा हे असे वाजवत होतास, आणि नंतर हे असे. शिष्याने गुरूला गुरूचीच विद्या परत केली आणि १९६५ साली कोलंबियाने सन हाउसची नवी तबकडी काढली. आपल्या संगीताच्या आख्यायिकांत गुरुभक्तीच्या कितीतरी गोष्टी आहेत, पण या जातीची एकही मला आठवत नाही. सन हाउसची अखेरची वर्षे डेट्रॉइटमध्ये गेली आणि १९८८ साली तो तिथेच वारला; त्याच शहरात तेव्हा जॅक व्हाइट तेरा वर्षांचा होता.

ओहायोतल्या ॲक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावचे 'द ब्लॅक कीज', म्हणजे डॅन ऑरबाख आणि पॅट्रिक कार्नी, यांचे दैवत ज्युनियर किंब्रो. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतल्या या माणसाची पहिली मोठी तबकडी १९९२ साली, त्याने साठी ओलांडल्यावर निघाली. एकाच स्वरसमूहावर दहा-दहा मिनिटे घुमत राहणारे त्याचे संगीत चुलाहोमा इथल्या त्याच्या स्वतःच्या अड्ड्यावर चाले, लोक नाचत आणि पीत. १९९८ साली तो गेला आणि दोन वर्षांनी तो अड्डाही जळाला. ब्लॅक कीजच्या पहिल्या दोन तबकड्यांत किंब्रोचे एकेक गाणे आहे, आणि २००६ साली त्यांनी सहाच्या सहा गाणी त्याचीच असलेली एक छोटी तबकडी काढली. तिच्या शेवटी गाणे नाही. किंब्रोच्या पत्नीने फोनवर ठेवलेला निरोप आहे, आणि या मुलांनी तिच्या नवऱ्याचे गाणे जसे वाजवले त्याबद्दलचे समाधान त्यात आहे. असा निरोप तबकडीवर घालणे हे स्वतःच स्वतःला प्रशस्तिपत्र देणे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. पण समीक्षकांच्या चार ओळींऐवजी त्यांना त्या घरचा शब्द हवासा वाटला, याकडे मी अधिक लक्ष देईन.

ऋण फेडण्याची आणखी एक तऱ्हा 'द डेट्रॉइट कोब्राज'ची. रेचल नेगी आणि मेरी रामिरेझ यांच्या या बँडने जवळजवळ सगळी कारकीर्द दुसऱ्यांचीच गाणी वाजवण्यात घालवली, आणि तीही सर्वांना ठाऊक असलेली नव्हेत, तर पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या सोल आणि रिदम अँड ब्लूजच्या तबकड्यांच्या पाठीमागच्या बाजूला पडून राहिलेली. स्वतःचे काही का लिहीत नाही, हा प्रश्न त्यांना सतत विचारला जाई. ख्याल गाणाऱ्याला बंदिश तुझी का नाही असे कोणी विचारत नाही. रॉकमध्ये मात्र स्वतःचे गाणे नसणारा तो कमअस्सल, ही समजूत बीटल्सनंतर घट्ट झाली. २०२२ साली नेगी वारली. तिचा तो खरखरीत, ठाम आवाज ऐकताना गाणे कोणाचे आहे हा विचार मनात उरत नाही, पण गाणे संपल्यावर नाव शोधावेसे वाटते.

स्ट्रोक्सचे काम याच्या तुलनेत सोपे होते. त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याची सुरुवात टॉम पेटी या अमेरिकी रॉक गायकाच्या गाण्यावरून सरळ उचललेली आहे. पेटी त्यावर रागावण्याऐवजी हसला आणि २००६ साली स्ट्रोक्स त्याच्या कार्यक्रमांत त्याच्याआधी वाजवत होते.

साठच्या दशकातली ती गॅरेजची लाट आपल्याकडेही येऊन गेली होती. 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनी भरवत असलेल्या स्पर्धेतून १९७० आणि १९७१ साली दोन तबकड्या निघाल्या. देशातल्या निरनिराळ्या शहरांतल्या मुलांनी त्यांत परदेशी बँडांची गाणी आणि काही आपली गाणी वाजवली आहेत. पुढे परदेशातले संग्राहक त्या शोधू लागले. आपण त्या विसरलो.

सॉनिक्सच्या १९६५च्या पहिल्या तबकडीवर रिचर्ड बेरीचे एक गाणे आहे, 'लुई लुई' नव्हे, दुसरे. २००३ साली तेच ब्लॅक कीजनी घेतले. स्वतः सॉनिक्स १९६८च्या सुमारास फुटून आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगांना लागले होते. २००७ साली न्यू यॉर्कला एका गॅरेज महोत्सवात ते पुन्हा उभे राहिले आणि २०१५ साली त्यांची नवी तबकडी आली, मुद्दाम मोनोमध्ये, म्हणजे जुन्या एकपदरी ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीने. ती घडवणारा जिम डायमंड हा डेट्रॉइटचा. व्हाइट स्ट्राइप्सच्या पहिल्या तबकडीमागेही त्याचेच हात होते. इतक्या वर्षांनी, मूळचे तीन सभासद सत्तरीच्या आसपास आलेले असताना, सगळे जग ज्यांची नक्कल करत होते त्या या बँडने आपली तबकडी उघडली ती रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाच्या एका गाण्याने.