आधी इमेज, मग पासवर्ड: वारशात आलेल्या एक्सपीची नोंदवही

मशीन: पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबी आयडीई (जुन्या जोडणीची) हार्डडिस्क, विंडोज एक्सपी प्रोफेशनल. वापरणारी व्यक्ती हयात नाही, पासवर्ड कुठेही लिहिलेला नाही, वारसांची संमती आहे. हवं आहे ते एवढंच: मराठी वर्ड फाइल, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधली कामं, फोटो.

दिवस १

बटण दाबलं नाही. घरात सगळे ज्याला 'सीपीयू' म्हणतात तो डबा उघडला, तर प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर फुगलेले. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या मदरबोर्डांचा हा ठरलेला आजार. असा बोर्ड चालू करून बघण्यात काही मिळत नाही, गेली तर डिस्क जाते. डिस्क बाहेर काढली.

बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा) पासवर्ड असता तरी इथे अडला नसता. डेस्कटॉपवर तो सीमॉस (बायोसच्या सेटिंगची मेमरी) क्लिअर करायच्या जंपरने (पिनांवरच्या छोट्या टोपीने) किंवा सीआर२०३२ सेल काढून ठेवल्याने बहुधा जातो. लॅपटॉपवर तो अनेकदा वेगळ्या चिपमध्ये असतो, तिथे सेल काढून काही होत नाही.

दिवस २ आणि ३

आयडीई-यूएसबी अडॅप्टर लावला. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे अडॅप्टरसोबतचा वेगळा पॉवर सप्लाय हवाच. डिस्कचा जंपर 'स्लेव्ह'वर राहिला होता, म्हणून पहिल्यांदा दिसलीच नाही. 'मास्टर'वर टाकल्यावर आली.

लिनक्समध्ये ऑटोमाउंट (डिस्क आपोआप उघडणं) आधी बंद केलं. नाहीतर डिस्क जोडताच सिस्टिम तिच्यावर काहीबाही लिहून ठेवते. मग डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या टूलने पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत: पहिल्या फेरीत खराब जागा सोडून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत फक्त त्या जागांवर ३ प्रयत्न. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) न चुकता द्यायची, मध्येच वीज गेली तर काम तिथूनच पुढे सुरू होतं. यूएसबी २ वर धडधाकट ८० जीबी डिस्क पाऊण ते एक तासात उतरते. इथे पहिल्या फेरीलाच रात्र लागली, यावरून डिस्कची तब्येत कळावी. यापुढे मूळ डिस्क पिशवीत, सगळं काम इमेजच्या प्रतीवर.

दिवस ४

इमेज फक्त-वाचन पद्धतीने माउंट केली. एक्सपीचं पहिलं पार्टिशन सहसा ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे ५१२ बाइट) सुरू होतं, म्हणून ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे सोडायचे बाइट, ६३ गुणिले ५१२, म्हणजे ३२२५६. फोटो आणि वर्ड फाइल लगेच कॉपी झाल्या, पासवर्ड न लागता. एक्सपीचं 'खाजगी' फोल्डर म्हणजे नुसती परवानग्यांची पाटी. लिनक्स ती वाचत नाही.

एका फोल्डरमधल्या ११ फाइल मात्र उघडेनात. इमेज दुसऱ्या विंडोजला जोडल्यावर त्यांची नावं हिरवी दिसली: ईएफएस, म्हणजे विंडोजचंच फाइल कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. इथे घाई नडते. या फाइलींची किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डवरून तयार झालेल्या गुपितात बंद असते. बाहेरून पासवर्ड पुसला तर खातं उघडतं, पण या फाइल बंदच राहतात. नेटवरच्या 'दोन मिनिटांत पासवर्ड काढा' छाप सल्ल्यांत हे क्वचितच सांगितलेलं असतं. म्हणून पासवर्ड पुसायचा नाही, शोधायचा.

दिवस ५

विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग या वाटेवरच्या 'सॅम' आणि 'सिस्टिम' अशा दोन्ही फाइल लागतात. दुसरी नसेल तर पहिलीतले हॅश (पासवर्डचे गणिती ठसे) उलगडत नाहीत. एक्सपी १४ अक्षरांपर्यंतच्या पासवर्डचा जुना एलएम हॅशही आपोआप ठेवतं: सगळी अक्षरं कॅपिटल करून, ७-७ चे दोन तुकडे पाडून. हॅशवरून पासवर्ड शोधणारं ऑफक्रॅक आणि त्याचे एक्सपीसाठीचे मोफत टेबल (अक्षरं आणि अंकांचे आधीच काढून ठेवलेले तक्ते) यांना एवढं पुरतं. पासवर्ड निघाला ९ अक्षरांचा, म्हणजे दुसऱ्या तुकड्यात फक्त २ अक्षरं. कॅपिटल-स्मॉलचा निवाडा एनटी हॅशवरून (नव्या पद्धतीचा, त्यात दोन्ही वेगळे राहतात) होतो.

विशेष चिन्हं असती तर हे टेबल पुरले नसते. व्हिस्टापासून एलएम हॅश मुळातच बंद आहे. हिरव्या फाइल नसतील तर सीएचएनटीपीडब्ल्यू या टूलने पासवर्ड रिकामा करणं सोपं, फक्त 'सॅम'ची प्रत आधी ठेवावी. शेवटी 'लिहायचं का' विचारल्यावर 'वाय' टाइप करावं. नुसतं एंटर म्हणजे 'नाही', आणि मग लोक म्हणतात की टूल चालत नाही.

दिवस ७

पेजमेकरसाठी जुनं विंडोजच हवं होतं. इमेज व्हर्च्युअलबॉक्सच्या (संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) व्हीडीआय डिस्क-फाइलमध्ये बदलली, आयडीई कंट्रोलर दिला, नेटवर्क कार्ड काढलं (एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले). पहिल्या बूटला काळा पडदा: मूळ मशीन एपिकवर (हार्डवेअरचे संकेत हाताळणारा भाग) होती आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये आय-ओ एपिक बंद. सुरू केल्यावर चाललं. निळा पडदा आणि ७बी हा एरर कोड आला असता तर दोष डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा. हार्डवेअर बदललेलं बघून अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं, पण सेफ मोडमध्ये लॉगिन होतं. हिरव्या फाइल तिथूनच एन्क्रिप्शन काढून बाहेर घेतल्या.

बाकी काम

वर्ड फाइलींत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण मजकूर श्रीलिपी आणि आयएसएम या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहे. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट उचलले की वाचता येतं. श्रीलिपीचं डोंगल (परवान्याची किल्ली) टाइप करायला लागतं, बघायला नाही. युनिकोडमध्ये नेताना पहिली वेलांटी आणि रफार सर्वांत जास्त त्रास देतात: जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. प्रत्येक फॉन्टकुटुंबाचा तक्ता वेगळा, त्यामुळे आधी फाइलींची फॉन्टनुसार विभागणी सुरू आहे.